घड्याळातला चार चुकीचा नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या मुलांच्या पुरवणीतलं रोमन अंकांचं पान वाचलं, रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितेय. 'घड्याळावर चार हा आकडा चार उभ्या रेघांनी दाखवतात ती बनवणाऱ्यांची चूक' असं चक्क चौकटीत छापलंय. चूक कसली?

१९६९ साली मी पाचवीत होते. घरी वडिलांचं चावीचं घड्याळ होतं, लंबकाचं, तबकडी पिवळी पडलेली, त्याच्याखाली बसून मी एक ते बारा अंक गृहपाठाला उतरवून नेले. चारच्या जागी चार रेघा, नऊच्या जागी एक रेघ आणि फुली, जसं होतं तसं. बाईंनी चारवर लाल शाईने काट मारली आणि आयव्ही (IV), म्हणजे पाचातून एक वजा, असा चार पन्नास वेळा लिहायला लावला. मी म्हटलं, बाई, आमच्या घड्याळात असंच आहे, तर म्हणाल्या, मग तुमचं घड्याळच चुकीचं. सगळा वर्ग हसला. आता माझी नात पाचवीत आहे आणि काल तिने तेच वाक्य मला तुमच्या पेपरातून वाचून दाखवलं.

अहो, रोमच्या कोलोसियमच्या, त्या जुन्या दगडी खेळमैदानाच्या, दारांवर कोरलेले नंबर आजही दिसतात. ४४ नंबरच्या दारावर चाळीस एक्सएल असा लिहिलाय, म्हणजे पन्नासातून दहा वजा, आणि त्याला लागूनच चार मात्र चार रेघांचा. एकाच आकड्यात दोन्ही पद्धती! जर्मनीत मार्कस काएलियस नावाच्या रोमन सैनिकाचा स्मृतिदगड आहे, इ. स. ९ मधल्या लढाईत गेलेला तो, त्यावर त्याच्या अठराव्या लीजनचा, म्हणजे सैन्यदलाचा, आकडा एक्स आय आय एक्स असा कोरलाय, विसाला दोन कमी. आज पोरांनी असं लिहिलं तर मार्क जातील. पण ज्यांचे अंक तेच असं लिहीत होते ना?

मुळात हे अंक मोजणीच्या खाचांमधून आले असं मानतात, काठीवर एकेक खाच, दहाला फुली, आणि पाच म्हणजे त्या फुलीचा अर्धा तुकडा. रोमनांच्या आधी इटलीत राहणाऱ्या एट्रुस्कन लोकांकडेही हेच. माझी आई दुधाचा हिशोब स्वयंपाकघराच्या दारामागे कोळशाने ठेवायची, चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरकी, तिला कुठे कोणी रोमन शिकवलं होतं. 'एक-दोन-तीन-चार रेघा' हेच माणसाला आधी सुचतं, वजाबाकी नंतरची. शाळेत आयव्ही शिकवा, आजचा नियम तोच आहे, माझी काही हरकत नाही, पण जुन्याला चूक म्हणू नका.

आणि दुसरं, त्याच पानावर खालच्या कोड्याचं उत्तर. १९९९ म्हणजे एमआयएम? वरच तुम्ही नियम दिलाय की आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी येतो. मग हजार एम, नऊशे सीएम, नव्वद एक्ससी, नऊ आयएक्स, असं सुटं करून एमसीएमएक्ससीआयएक्स व्हायला हवं होतं. नातीने बरोबर सोडवलं होतं, तुमचं उत्तर बघून तिने खोडलं. खोडरबरने वहीचं पान फाटलं.

दुरुस्ती छापा, पण मागच्या वेळेसारखी जाहीर निविदांच्या कोपऱ्यात नको. मुलांच्याच पानावर छापा, मला ती तिला दाखवायची आहे.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा