टेबलावरचा खेळ फक्त पोरांचा नाही

संपादक महोदय,

आपल्या पेपरात गेमिंगवर काही आलं की ते मोबाईल नाहीतर व्हिडिओ गेमबद्दलच असतं, आणि तेही कॉलेजच्या पोरांना धरून, म्हणून लिहितोय. टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचे फँटसी गेम पण आहेत आणि ते खेळणारे आम्ही बरेचजण आता पन्नाशीकडे आलोय. त्यातला डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ आला १९७४ साली, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा, म्हणजे खेळानेच पन्नाशी ओलांडलीय!

एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे आपलं पात्र काय करणार ते सांगतात आणि जमलं की नाही ते २० बाजूंचा फासा ठरवतो, कुठलाही आकडा यायची शक्यता ५ टक्के. अवघड आहे ते चार-पाच जणांची एक संध्याकाळ जुळवणं. कुणाची नाईट शिफ्ट, कुणाचे आईवडील आजारी, कुणाच्या मुलांच्या परीक्षा, मग मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत पुढे सरकणारी गोष्ट, महिनोन्महिने लटकते. माझं मत विचाराल तर छोटा डाव ठरवा, एखादा नाही आला तरी खेळा, त्याचं पात्र छावणीत थांबलं म्हणा, पण तारीख ढकलू नका. २०२४ पासून डंजन्स अँड ड्रॅगन्सची नवीन नियमपुस्तकं आलीत, पण २०१४ च्या नियमांवर मजेत चाललं असेल तर बदलायची अजिबात गरज नाही.

आणि प्लीज, या वयात हे काय असं घरच्यांनी विचारू नये हो. दिवसभर स्क्रीनला चिकटलेली माणसं समोरासमोर बसून एकमेकांचं ऐकतात, मला हे फार मोलाचं वाटतं. यावर एखादा लेख छापावा ही विनंती.

– एक वाचक