अस्वल पाहायचं तर आधी बसायची जागा पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत रानातली अस्वलं हमखास दिसणाऱ्या ठिकाणांची यादी वाचली. नावं बरोबर आहेत, तक्रार नाही. पण अस्वल कुठे दिसतं याच्या आधी, तिथे माणसाला कुठे बसवतात हे विचारायला हवं. यादीत नेमकं तेच नव्हतं.

अलास्कातल्या कॅटमाई राष्ट्रीय उद्यानातला ब्रूक्स धबधबा घ्या. जुलैत सॅमन मासे प्रवाहाविरुद्ध उड्या मारत चढतात आणि तपकिरी अस्वलं धबधब्याच्या काठावर तोंड उघडून उभी राहतात. सप्टेंबरात मरणाला टेकलेले मासे खायला ती पुन्हा जमतात. मधल्या ऑगस्टात गेलात तर बहुधा नुसतं पाणी पाहून याल. माणसांसाठी तिथे उंच लाकडी मचाणं आहेत, आणि आल्या आल्या प्रत्येकाला अस्वलांजवळ कसं वागायचं याचा छोटा वर्ग करावाच लागतो. जवळच्याच मॅकनील नदीवर दिवसाला जेमतेम 10 जणांना परवाना मिळतो, तोही सोडतीने. माणसं रोज त्याच जागी, त्याच वेळी, तशीच गप्प बसलेली दिसली की अस्वलं त्यांना दगडधोंड्यांत जमा करतात. सुरक्षितता येते ती अशी.

आपल्या अस्वलाचं गणित वेगळं. त्याची नजर आणि कान बेताचेच, नाक मात्र तिखट. वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढत असलं की त्याला भोवतालचं भानच नसतं. अशा वेळी झुडपाआडून माणूस अचानक समोर आला की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. म्हणून अस्वलाच्या रानात पायी भटकून त्याला 'शोधायला' जाणं हा शुद्ध वेडेपणा. झाडावर चढून वाचू म्हणाल, तर तेही चढतं. मोहाची फुलं गळण्याच्या दिवसांत पहाटे झाडाखाली अस्वल येतं हे खरं, पण म्हणूनच त्या वेळी तिथे आपण पायी नसावं. गाडी किंवा मचाण, एवढंच.

कर्नाटकात हंपीजवळ दरोजीचं अभयारण्य 1994 साली खास अस्वलांसाठी झालं. संध्याकाळी समोरच्या खडकाळ टेकडीवरून ती उतरतात आणि माणसं दूरच्या मनोऱ्यावरून पाहतात. अंतर उत्तम. खडकांना गुळाचं मिश्रण फासून त्यांना बोलावतात, ते मात्र मला रुचत नाही. आयतं खाणं आणि माणसाचा वास यांची सांगड अस्वलाच्या डोक्यात बसू नये, असं मला वाटतं.

एकदा आमची गाडी थांबली असताना डाव्या हाताच्या वारुळातून आवाज आला. आधी फूऽऽ करून माती उडवल्याचा, मग सुर्र करून ओढल्याचा. आपल्याकडच्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढतं. पाच मिनिटं आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. तेवढ्यात पुढच्या गाडीतला एकजण फोटोसाठी खाली उतरला. वाटाड्याने त्याला अडवलं तर नाहीच, उलट 'जा, जा, काही नाही करत' म्हणाला! मादी मागच्या पायांवर उभी राहिली. लोकांना वाटलं आता झडप घालते. खरं तर ती वास घेत होती. पाठीवरचं पिल्लू खाली घसरलं होतं, ते तिच्या मागे दडलं. तो माणूस गाडीत परतला आणि ती घसा खरवडत झुडपात शिरली. त्या दिवशी काही झालं नाही, ते तिच्या कृपेने.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात अस्वलापासून 100 यार्ड, म्हणजे सुमारे 91 मीटर, अंतर ठेवण्याचा नियम आहे. माझी साधी खूण सांगतो: आपल्यामुळे अस्वलाने खाणं थांबवून मान वर केली, तर आपण जरुरीपेक्षा जवळ आलो आहोत. चांगली दुर्बीण घ्यावी, जवळ जायची हौस आपोआप कमी होते.

पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक ठिकाणापुढे हंगाम, बसण्याची सोय आणि खाली उतरायला बंदी आहे की नाही, एवढं जरूर द्यावं. आणि पिल्लं असलेल्या गुहेचा फोटो आला, तर ती कुठे आहे ते कृपया छापू नये.

आपला,
एक नियमित वाचक