वॉर्डातल्या सिस्टरांचे आभार

ग्रामीण रुग्णालयाच्या वॉर्डात राबणाऱ्या, नावं कुठंच न लागणाऱ्या सिस्टरांचे आभार.

घरी इन्सुलिन टोचायचं म्हटलं की माणूस आधी घाबरतो, मग 'हो हो, समजलं' म्हणतो. तुम्ही त्या 'हो'वर कधी भागवलं नाही. प्रत्येकाकडून सिरिंज भरून घेतली. 40 च्या बाटलीला, म्हणजे एका मिलीत 40 युनिट इन्सुलिन असलेल्या, लाल टोपीचीच सिरिंज. त्याच बाटलीतून नारिंगी टोपीच्या, मिलीला 100 युनिटवाल्या सिरिंजनं 20 च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात जातात फक्त 8 युनिट. साखर उतरत नाही, अन् घरचे बोल लावतात पेशंटच्या खाण्याला!

फ्रीज नाही? मोठ्या मडक्यात पाणी, त्यात लहान मडकं, बाटली त्यात कोरडी, वर झाकण. विदर्भातल्या उन्हाळ्यात हे सांगणं औषधाइतकंच मोलाचं. सुई घेऊन उपाशी वावरात गेलं अन् घाम, थरथर सुटली, तर तीन चमचे साखर पाण्यात.

पहिल्या सुईला रडणाऱ्या आजीजवळ उपदेश न करता नुसतं बसलात, त्याचेही आभार. आणि इन्चार्ज सिस्टर, शिकाऊ मुलीची चूक पेशंटसमोर न काढता तिची सिरिंज गुपचूप उजेडाला धरून पुन्हा भरायला लावता, म्हणून ती पुढच्या वेळी स्वतःहून दाखवायला आणते.