अण्णांच्या कपाटातलं तुझं पुस्तक

सांगली,
14 डिसेंबर 2019

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

पूर ओसरून चार महिने झाले आणि माझी एक ओळ नाही, म्हणून तू चिडला असशील. चिड. तब्येतीचं विचारशील म्हणून सांगतो: गुडघा आहे तसाच आहे, साखर वरखाली, हिची पाठ बरी. झालं. आता मुद्द्याचं, आणि हे फोनवर बोलण्यासारखं नाही, कारण आमच्या घरात फोन सगळेच ऐकतात.

ताईने मला आपल्या अण्णासरांची पुस्तकं लावायला बोलावलं होतं. विश्रामबागेतल्या त्या घरापर्यंत पाणी आलं नाही, त्यामुळे कपाटं जशीच्या तशी आहेत. ताईला ती सगळी नगर वाचनालयाला द्यायची आहेत. 1869 चं वाचनालय, यंदा दीडशेवं वर्ष, आणि नेमकं याच वर्षी कृष्णामाई आत शिरली. हजारो पुस्तकं गेली. आपण गावातल्यांनी काय शहाणपणा केला माहीत आहे? ज्याच्या त्याच्या भिंतीवर 2005 च्या पुराची खूण होती, जो तो सामान त्या खुणेच्या वर ठेवून निर्धास्त झाला. यंदा आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 ला 53 होतं. म्हणजे ज्यानं खुणेवर विश्वास ठेवला तो बुडाला. आमच्या खालच्या खोलीतलं माझं कपाटही त्यातच गेलं. भिजलेलं पुस्तक फुगतं रे, इतकं फुगतं की कप्प्यातून ओढून निघत नाही. गुळगुळीत कागदाची तर पानं एकमेकांना अशी चिकटतात की ती पुन्हा सुटायची नावं घेत नाहीत. उन्हात घालू नका, पंख्याखाली वाळवा, पानापानांत टीपकागद घाला, असं सगळे सांगतात. एकाने तर बुरशी थांबवायला फ्रीझरमध्ये ठेव म्हणून सांगितलं, ते खरंही आहे म्हणे. हिने फ्रीझरसमोर उभं राहून माझ्याकडे जे बघितलं, त्यावर मी विषय सोडला.

तुझं ते बडोद्याचं पुराण मला आत्ता ऐकू येतंय. "आमच्या महाराजांनी 1910 ला वाचनालयासाठी अमेरिकेहून बोर्डनसाहेब आणला, काचेच्या जमिनी, लोखंडी मांडण्या." ऐकलंय. पण तुमचं राजाच्या खजिन्यातलं, आमचं चाळीस वर्षं आधीचं. आणि पुराचा तोरा मिरवू नकोस. जुलैअखेरीला तुमच्याकडे एका दिवसात वीस इंच पडला आणि विश्वामित्रीतल्या मगरी रस्त्यावर आल्या, हे कबूल. पण मगर वाचनालयात सभासद व्हायला आली नव्हती.

तर अण्णांचं कपाट. दुसरं, खिडकीकडचं. कोशांच्या मागे उभं सरकवलेलं एक पातळ नाटक निघालं. नाव लिहीत नाही, पत्र कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. तुला कळलंच असेल. हो, तेच. पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का, मागे तारखांची चिठ्ठी, शेवटची तारीख डिसेंबर 1972. तुझ्या कार्डावर निघालेलं. जे तू हरवलंस म्हणून अनामत बुडवून, वर साडेसात रुपये भरून आलास, आणि मग महिनाभर माझ्याकडून उसने घेऊन चहा प्यायलास. (ते पैसे अजून यायचे आहेत.)

बंड्या, तेव्हा तू शपथेवर सांगत होतास की पुस्तक अण्णांकडे दिलंय. कुणी ऐकलं नाही. अण्णा! पानाचा कोपरा दुमडला तर वर्गाबाहेर काढणारे अण्णा! पुस्तक नेताना वहीत सही, आणताना वहीत सही. त्यांच्याकडे वाचनालयाचं पुस्तक राहील?

राहिलं. आणि का राहिलं तेही मला आता समजलं असं वाटतं. उघडलं तर पानापानांवर पेन्सिल. विलिंग्डन कॉलेजच्या गॅदरिंगचं नाटक त्यांनी याच प्रतीवरून बसवलं होतं. कोण कुठून येतो, कुठे थांबतो, दिवा कधी, पडदा कधी. अर्धी वाक्यं छाटलेली. इतकं रेघोट्यांनी भरलेलं पुस्तक वाचनालयाच्या खिडकीवर परत द्यायला अण्णा जाणार कसे? मग लाजेपोटी आज नाही उद्या करत ते कोशांच्या मागे गेलं असणार. खोडरबराने पुसलेलंही दिसतं, पहिली सहा पानं. मग कंटाळले.

पण तू पैसे भरलेस हे त्यांना माहीत होतं का? इथेच माझी झोप उडते. माहीत असून गप्प बसले असतील, तर मी त्यांच्याबद्दल ताईसमोर काय तोंडाने बोलू? नसेल माहीत, तर तू त्यांना सांगितलं का नाहीस? माझा अंदाज असा की माहीत होतं. पुढच्या वर्षी तुझी परीक्षेची फी कुणी भरली हे तुला कधी कळलं नाही ना? मला तेव्हापासून शंका आहे. पुरावा नाही.

आणि एक. तिसऱ्या अंकातलं तुझं ते एकुलतं एक वाक्य, शिपायाचं, जे मी दिग्दर्शकाचे कान भरून कापायला लावलं असा आरोप तू सत्तेचाळीस वर्षं करतो आहेस, त्याच्यावर आडवी रेघ आहे आणि बाजूला अण्णांच्या अक्षरात: "याला जमणार नाही. नुसता उभा राहू दे." मी निर्दोष सुटलो. तुझ्या हस्तलिखित माफीची वाट बघतो.

आता पेच ऐक. ताई प्रत्येक पुस्तकात "कै. अण्णांच्या स्मरणार्थ" अशी चिठ्ठी चिकटवते आहे, संक्रांतीनंतर टेम्पो निघेल. हे त्यातच घातलं तर वाचनालयाला त्यांचंच पुस्तक, त्यांच्याच शिक्क्यासकट, देणगी म्हणून मिळेल, आणि दाखल करताना जो कुणी शिक्का बघेल त्याच्या तोंडून ती गोष्ट गावभर होईल. वेगळं नेऊन दिलं तर फोटो काढतील, पुरातून वाचलेलं पुस्तक म्हणून शाल देतील. मला शाल नको. आणि खरं सांगायचं तर परत द्यायला माझा हात होत नाही. त्या पेन्सिलीत आपण सगळे आहोत. गेलेले तिघेही.

मग लक्षात आलं, किंमत तू भरलेली आहेस. वाचनालयाच्या हिशोबी ते पुस्तक तुझं झालं. मी कोण ठरवणार? पण तूही घाईने "पाठवून दे" म्हणू नकोस. तिथली दुसरी प्रत पाण्यात गेली असेल तर गावात हे नाटक एवढंच उरलं, याचाही विचार कर. पेन्सिल पुसून द्यायची सूचना केलीस तर आपली मैत्री संपली.

ताईला अजून बोललो नाही. पुस्तक माझ्या पिशवीत घरी आणलंय, म्हणजे आता चोरीचा माल माझ्याकडे.

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? नातवाने दहावीला संस्कृत घेतलं की जर्मन? मुलाच्या नोकरीचं कळव. भडंग कुरियरने पाठवलंय, पाकीट फुटलं तर मला दोष देऊ नकोस.

उत्तर पत्राने दे, संक्रांतीच्या आत. आणि साडेसात रुपयांच्या पावतीचा कागद तू ठेवला असशीलच, तुझ्या स्वभावाप्रमाणे, तर त्याची झेरॉक्स जोड.

तुझा,
शऱ्या