‘च’ चुकला म्हणून कापलेले गुण

महोदय,

गणेशोत्सवातल्या गायन स्पर्धेत जतच्या एका मुलीला ‘उच्चार कानडी’ म्हणून मागे ठेवलं, अशी तक्रार तिच्या वडिलांनी आपल्या पत्रसदरात केली होती. ते गुण कापणाऱ्या तीन परीक्षकांत मी एक होते, म्हणून हे पत्र.

मुलीचा सूर पक्का होता. पण ‘चांदणं’मधला ‘च’ ती ‘चिमणी’तल्या ‘च’सारखा म्हणाली. मी उच्चाराला दहापैकी चार दिले आणि चहाला उठले.

त्याच आठवड्यात नातीच्या खोलीतून एक इंग्रजी गाणं ऐकू आलं. ‘फायनल फँटसी ८’ या १९९९ च्या जपानी व्हिडिओ गेममधलं. गाणारी कोण, तर चिनी गायिका फे वाँग. मग आठवडाभर मी तिलाच ऐकत बसले. (नातीचा मोबाइल, त्यामुळे घरात थोडी भांडणंही झाली.)

ही बाई मूळची पेइचिंगची, १९८७ मध्ये हाँगकाँगला गेली. हिची भाषा मँडरिन, तिथली कँटोनीज. आपल्याला दोन्ही चिनीच वाटतात, पण एकीचं बोलणं दुसरीला कळत नाही. मँडरिनमध्ये चार सूर, कँटोनीजमध्ये सहा. शब्दाचा सूर चढला-उतरला की अर्थच बदलतो. त्यामुळे कँटोनीजमध्ये शब्दांचे सूर चालीशी जुळतील असंच गीत लिहावं लागतं. अशा भाषेत परगावच्या मुलीनं गायचं! रेकॉर्ड कंपनीनं तर सुरुवातीला ‘शर्ली’ असं नावही लावलं होतं. मध्येच ती सगळं सोडून न्यूयॉर्कला गेली आणि परतल्यावर १९९२ मध्ये तिचं एक गाणं हाँगकाँगभर गाजलं. चाल मियुकी नाकाजिमा या जपानी गायिकेची, शब्द कँटोनीज, गळा पेइचिंगचा.

दिग्दर्शक वाँग कार-वाई यांच्या ‘२०४६’ (२००४) या चित्रपटात फे वाँग जपानी प्रियकरासाठी खोलीत एकटीच येरझाऱ्या घालत जपानी वाक्यं घोकते. तेवढा भाग मी तीनदा पाहिला. त्याच चित्रपटात नायक टोनी लेऊंग तिच्याशी कँटोनीजमध्ये बोलतो, ती मँडरिनमध्ये उत्तर देते, आणि कुणाचं काही अडत नाही.

आणि आपण सांगलीकर? नाट्यपंढरी म्हणून मिरवतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, पण त्याआधी कर्नाटकातली भागवत मंडळी इथं खेळ करून गेली होती, ती पाहूनच संस्थानिकांना मराठीत असं काही व्हावं असं वाटलं, हे कार्यक्रमांतल्या भाषणांत कुणी सांगत नाही.

उच्चारांना गुण हवेतच, तो हट्ट मी सोडणार नाही. पण देवनागरीत दोन्ही ‘च’ एकसारखेच लिहितात. घरात मराठी नसेल तर फरक त्या पोरीला कळणार कुठून? समोर बसवून म्हणून दाखवलं तरच ना. आम्ही तिच्या हातात नुसता आकडा दिला. यापुढे परीक्षकांनी गुणपत्रिकेच्या मागे चूक नेमकी कुठे झाली ते लिहावं, आणि आयोजकांनी सत्काराची भाषणं थोडी आवरून स्पर्धकांना परीक्षकांशी बोलायला अर्धा तास द्यावा.

मुलीच्या वडिलांना विनंती : रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच असते, पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. तिला जरूर पाठवा. फी नको, तिनं मला एक कानडी भजन शिकवावं. कानडीतला ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ इतक्या वर्षांत मला वेगळा म्हणता आलेला नाही.

– एक गायन शिक्षिका, विश्रामबाग, सांगली