पोर्टेबल एसी विकताना आधी खिडकी कसली आहे ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च उजाडला की पेपरात एसीच्या जाहिरातींचा पाऊस सुरू होतो आणि त्यात आता पोर्टेबल एसी पण असतात, 'फोडाफोड नाही, फिटिंग नाही, चाकं आहेत, कुठंही न्या'. फोटोत सोफा, कुंडी, हसणारं कुटुंब आणि शेजारी पांढरं शुभ्र मशीन. त्या मशीनच्या पाठीतून हत्तीच्या सोंडेएवढा पाइप निघतो, तो फोटोत कधी दिसलाय का बघा. मलाही नव्हता दिसला, तेहतीस हजार मोजल्यावर दिसला.

मी डोंबिवली पूर्वेला भाड्यानं राहतो, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. मालकांनी चावी देतानाच सांगितलेलं की भिंतीला भोक पाडायचं नाही आणि सोसायटी बाहेरच्या बाजूला एसीचं युनिट लावू देत नाही. चार वर्षं पंख्यावर निभावलं. पण यंदा बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते आणि आई अकोल्याहून आमच्याकडे राहायला आले, ऐन एप्रिलमध्ये. अकोल्यात पारा ४५ ला गेला तरी बाबा कूलरसमोर निवांत पेपर वाचतात, इथं मात्र ३५ ला त्यांचा जीव गेल्यासारखा झाला, घामानं पट्टी ओली व्हायला लागली. कूलर आणला असता पण डोंबिवलीच्या दमट हवेत कूलर म्हणजे अंगावर ओला टॉवेल टाकून बसल्यासारखं. मग दुकानात गेलो.

दुकानातल्या पोरानं अर्ध्या तासात मशीन गळ्यात मारलं. चूक माझीही आहेच. मी विचारलं की बेडरूमला बाहेरची खिडकी नाहीये, एक आहे ती बिल्डिंगच्या डक्टमध्ये उघडते, काचेच्या पट्ट्यांची, तर पाइप कुठं सोडायचा? तो म्हणाला, "सर, अटॅच बाथरूम आहे ना? त्यात सोडा, तिथं एक्झॉस्ट असतोच, सगळे असंच करतात." इतक्या आत्मविश्वासानं म्हणाला की मी मान डोलावली.

पहिल्या रात्री मशीन १८ वर लावलं. दोन तासांनी बाबांच्या उशाशी ठेवलेल्या थर्मामीटरवर ३१. मशीनच्या तोंडाशी हात धरला तर गारेगार, दोन पावलं मागं आलं की तोच उकाडा. आणि एक विचित्र गोष्ट, बेडरूमचं दार आपोआप ओढल्यासारखं व्हायचं, आणि बाहेरच्या पॅसेजमधला शेजारच्यांच्या तळणीचा वास, जो एरवी हॉलपर्यंत पण येत नाही, तो थेट बाबांच्या पलंगापर्यंत. आई बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "याचं तोंड आत आहे ते कळलं रे, पण हा श्वास कुठून घेतोय?"

आईनं आयुष्यभर कूलर सांभाळलेत, वाळा बदलणं, टाकी धुणं, कुठली खिडकी किती उघडायची, सगळं तिच्याकडे. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो म्हणून समोरचं दार उघडं लागतं हे तिला पाठ आहे. तिनं देवघरातून उदबत्ती आणली, पेटवली आणि बेडरूमच्या दाराच्या फटीशी धरली. धूर वर जायच्या ऐवजी आडवा होऊन सूंऽऽ करून आत. मग बाथरूमच्या दाराखाली धरली, तिथं पण धूर खोलीतच येतोय. आई म्हणाली, "बघ, जे बाहेर फेकतोयस तेच खालून परत येतंय." झालं, ब्रोशरमध्ये जे कुठंच नव्हतं ते दोन रुपयांच्या उदबत्तीनं सांगितलं.

नंतर मी जरा डोकं लावून बसलो. हे एका पाइपचं मशीन खोलीतलीच हवा ओढतं, थोडी गार करून खोलीत सोडतं आणि बाकीची आतल्या तापलेल्या कॉइलवरून फिरवून पाइपातून बाहेर फेकतं. तासाला साधारण ३०० घनमीटर हवा बाहेर जाते. आमची खोली दहा बाय दहा, उंची दहा धरा, म्हणजे जेमतेम २८ घनमीटर. म्हणजे दर सहा मिनिटांनी अख्ख्या खोलीएवढी हवा बाहेर जाते आणि तेवढीच कुठून तरी आत यायला लागते, दाराच्या फटीतून, स्विचबोर्डच्या मागून, बाथरूमच्या जाळीतून (खोलीत गटाराचा वास यायला लागला होता तो पण त्यामुळेच, मी उगाच प्लंबरला दोष देत होतो). आता फेकलेली उष्णता किती ते बघा. मशीन एक टनाचं, म्हणजे साडेतीन किलोवॅट गारवा. हा टन शब्द बर्फावरून आलाय, चोवीस तासांत एक अमेरिकी टन (साधारण ९०७ किलो) बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढी. त्यात मशीन स्वतः खातं ते सव्वा किलोवॅट मिळवा, कारण तीही शेवटी उष्णताच. पावणेपाच किलोवॅट झाले. मी ही उष्णता चार बाय सहाच्या बाथरूममध्ये कोंबत होतो, दोन हजार वॅटचे दोन गिझर सुरू ठेवले असते तरी कमी भरले असते. आणि आमचा तो सहा इंची एक्झॉस्ट फॅन! त्याच्यानं चहाची वाफ पण धड जात नाही.

पण संपादक महाशय, पत्र लिहायचं खरं कारण उकाडा नाही. आमच्या त्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, मालकांनीच बसवलेला. तिसऱ्या दिवशी गिझरची सर्व्हिसिंग करायला माणूस आला, त्यानं बाथरूमच्या दारातून आत गेलेला तो पाइप बघितला आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "हे आधी काढा, मगच मी हात लावतो." मला वाटलं त्याला अडचण होतेय म्हणून. तर तो म्हणाला, हे मशीन खोलीतली हवा ओढतं ना, मग गिझरचा जळका गॅस जाणार कुठं, दाराखालून काकांच्या खोलीतच येणार. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त जोरात चिकटतो. माणसाला आधी नुसतं डोकं जड वाटतं, झोप येते, आणि ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसाला झोप आली तर घरात सगळे म्हणणार, बरं झालं, पडू दे जरा. गॅस गिझरनं बाथरूममध्ये माणसं दगावल्याच्या बातम्या तुम्हीच दर हिवाळ्यात छापता. तिथं निदान बाथरूमपुरतं होतं, इथं मी तो गॅस पलंगापर्यंत आणायची सोय केली होती, आणि तीसुद्धा दुकानाच्या सल्ल्यानं. त्या गिझरवाल्याला मी चहा पाजला, तो दोनशे रुपये घेऊन गेला, मला अजून वाटतं मी त्याला कमी दिले.

पाइप काढला. मग डक्टची खिडकी. काचेच्या दोन पट्ट्या सरकवून काढल्या, पाइपाचं तोंड तिथं बसवलं, बाजूची फट थर्माकोल आणि ब्राऊन टेपनं बंद केली. फरक पडला, २८ पर्यंत आलं. पण आमच्या बिल्डिंगचा डक्ट तीन बाय चार फुटांचा, सगळ्यांच्या बाथरूमचे पाइप त्यातूनच, आणि पावसाचं पाणी नको म्हणून गच्चीवर सोसायटीनं त्याला पत्रा टाकून ठेवलाय. गरम हवा वर जाऊन अडकणार आणि सगळ्यांच्या खिडक्यांतून आत. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या, म्हणाल्या, "अरे, आमच्या बाथरूममध्ये वाफारा घेतल्यासारखं होतंय, काय चाललंय तुमचं?" बरोबरच होतं त्यांचं. आपली गरमी दुसऱ्याच्या घरात सोडायची आणि म्हणायचं घर गार झालं, हे काही खरं नाही. आणि त्या डक्टमध्ये आणखी कोणाकोणाचे गिझर जळका गॅस सोडतात ते कोण बघतंय.

शेवटी बाबांचा पलंग हॉलमध्ये आणला, कारण रस्त्याकडची खरी खिडकी तिथंच. स्लायडिंगची आहे, तीन ट्रॅकवाली, दोन काचा आणि एक मच्छरजाळी. मशीनसोबत प्लास्टिकची एक सरकती पट्टी येते, ती म्हणे खिडकीत बसवायची. ती आमच्या खिडकीच्या उंचीला वीतभर कमी पडली. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तो हसायला लागला, त्याच्याकडची खिडकी खालून वर सरकते, पट्टी आडवी ठेवायची, वरून काच खाली ओढायची, काम झालं. म्हणजे ती पट्टी कोणाच्या खिडकीच्या मापाची आहे ते कळलं. इथं बाहेर उघडणारी झडप आणि त्याच्याही बाहेर लोखंडी ग्रिल असलं की ती पट्टी नुसती माळ्यावर जाते.

मग आमच्या गल्लीतला ॲल्युमिनियमवाला बोलावला. त्यानं जी युक्ती केली ती सांगतो, कोणाला उपयोगी पडेल. त्यानं मच्छरजाळीचं शटर उचलून ट्रॅकमधून अलगद काढलं, त्याच मापाची नवीन फ्रेम बनवली आणि तिच्यात जाळीच्या ऐवजी ६ मिलीमीटरचं ॲक्रेलिक घातलं. ॲक्रेलिकला खालच्या बाजूला होल-सॉनं सहा इंची गोल पाडला, कडेला रबर लावलं, पाइपाचं प्लास्टिकचं तोंड त्यात खटकन बसलं. फ्रेम ट्रॅकमध्ये सरकवली, काच तिच्या कडेपर्यंत आणली, मधल्या फटीत ब्रशपट्टी. उजेड येतो, पाऊस येत नाही, भिंतीला ओरखडा नाही. मालकांची जाळी चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवलीय, घर सोडताना जशीच्या तशी परत. सगळे मिळून अठराशे रुपये. काच मागूनही बसवता आली असती पण काचेला भोक पाडताना तडकते असं तो म्हणाला. पाइप त्यानं मुद्दाम आखूड ठेवला, हातभर, वळण न देता, कारण तो पाइप स्वतःच इतका तापतो की त्याच्यावर पापड वाळेल, लांब सोडला तर खोलीत हिटर लावल्यासारखंच. वरून स्प्लिट एसीच्या तांब्याच्या नळीवर असतो तो काळा फोम गुंडाळला. त्या रात्री २६ झालं आणि बाबा घोरले.

उदबत्ती अजूनही दाराशी आत वाकते म्हणा, एका पाइपचं मशीन आहे तोवर ते राहणारच. दोन पाइपवालं मशीन बाहेरचीच हवा घेऊन बाहेरच फेकतं, पण दुकानात दोन पाइप म्हटलं तर त्यांना वाटलं मी स्पेअर मागतोय. मावसभाऊ सांगतो की अमेरिकेत खोक्यावर गारव्याचे दोन आकडे छापतात, एक जुन्या पद्धतीचा मोठा आणि एक असा की ज्यात फटीतून शिरणारी गरम हवा आणि पाइपाची गरमी वजा केलेली असते, तो बराच लहान. माझ्या खोक्यावर एकच आकडा होता, कुठला असेल ते ओळखा.

हवेतल्या दमटपणाचं मशीनमध्ये पाणी जमतं, त्याचं पण कोणी सांगत नाही. ब्रोशर म्हणतं पाणी आपोआप वाफ होऊन पाइपातून जातं. कोरड्या गावात जात असेल. इथं मेमध्ये पहाटे तीनला मशीन टीं टीं करून बंद पडतं, टाकी भरली म्हणून. आता मागच्या बुचाला नळी लावून बादलीत सोडलीय.

दुकानात परत गेलो होतो. 'खोकं उघडलं, परत नाही.' बाथरूमच्या सल्ल्याबद्दल बोललो तर मॅनेजर म्हणाले की तो मुलगा आता इथं नाही. बरं. माझं मागणं एवढंच आहे की हे मशीन विकताना पहिला प्रश्न खोली किती बाय किती हा नसावा, खिडकी कुठं उघडते हा असावा, आणि गिझर गॅसचा की विजेचा हा दुसरा. खोक्यावर बाहेरच्या बाजूला मराठीत ठळक लिहा की गरम हवा घराबाहेर मोकळ्यावर सोडायची, बाथरूम, डक्ट, जिना, फॉल्स सीलिंग यांत नाही. बिल्डर लोक आजकाल स्प्लिटच्या नळीसाठी भिंतीत भोक सोडतात, तेच सहा इंचाचं ठेवून वर झाकण लावलं तर भाडेकरूंचे हाल वाचतील. आणि तुमच्या पेपरला विनंती, जाहिरात छापा, पण फोटोत पाइप दिसू द्या.

गेल्या रविवारी एक्स्टेन्शन बोर्ड आणायला त्याच दुकानात गेलो होतो (एसीला नाही हो, एसीला १६ ॲम्पियरचा प्लगच लागतो, एक्स्टेन्शनवर लावू नका, वायर तापते). तिथं एक आजी-आजोबा तेच मशीन बघत होते, नवीन मुलगा चाकं फिरवून दाखवत होता. मी न राहवून विचारलं, "आजोबा, खिडकी कसली आहे तुमच्याकडे?" ते म्हणाले, "खिडकी पॅसेजमध्ये आहे, पण हा म्हणतो बाथरूममध्ये सोडा."

आपला,
एक भाडेकरू, डोंबिवली (पूर्व)

ता. क. ग्रिलमध्ये पाइपाच्या तोंडासमोर आमचा कढीपत्ता होता, दोन दिवसांत काडी झाला. कुंड्या आधी हलवा.