फुकटातलं शहर

महोदय,

मोठं शहर बघायचं म्हणजे खिसा रिकामा करायचा, हा समज पर्यटन पुरवण्यांनीच रुजवला आहे. न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरीबोट १९९७ पासून मोफत आहे. मॅनहॅटनहून निघताना उजव्या कठड्याशी जागा धरावी, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा त्याच बाजूने जातो. पंचवीसेक मिनिटांची फेरी. पलीकडे पोचल्यावर सगळ्यांना खाली उतरवतात आणि परतीसाठी पुन्हा चढावं लागतं, एवढीच काय ती कटकट. शेजारच्या बाकावर कामावरून घरी निघालेली माणसं पेंगत असतात, पुतळ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. खरं शहर बघायचं तर ते तिथे!

टोकियोच्या महानगर शासनाच्या इमारतीत ४५व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर, मोफत जाता येतं. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली तर फुजी दिसतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये कायमची दालनं मोफत आहेत, खास प्रदर्शनांना मात्र तिकीट पडतं.

आपल्या पुरवणीत हॉटेलांच्या याद्या भरपूर येतात. त्यातली अर्धी जागा कापून कुठलं संग्रहालय कोणत्या दिवशी मोफत असतं, एवढं छापाल का?

– एक नियमित वाचक